बटणनाना

नाना येताहेत हे आधी त्यांच्या खिशावरून कळायचं. शर्टाच्या वरच्या खिशात दहा-बारा लाल प्लॅस्टिकची बटणं असायची, आणि ते चालायला लागले की ती खुळखुळायची. नव्या माणसाला वाटे, म्हातारबुवा चघळायच्या गोळ्या बाळगतात. त्या वेळी आमच्या स्टुडिओत जाडजूड पुस्तकाएवढ्या टेपा असत आणि प्रत्येक टेपच्या पाठीला एक लाल बटण असे. ते बटण जागेवर आहे तोवर टेपवर नवं चित्रण करता येतं, म्हणजेच जुनं पुसता येतं. बटण काढलं की मशीन हट्टाला पेटतं, रेकॉर्डिंग करतच नाही. चित्रण संपलं रे संपलं की नाना टेप उलटी करत, नखाने बटण उपटत आणि खिशात टाकत. मगच त्यांचा जीव भांड्यात पडे. हजेरीपटावर त्यांचं चांगलं तीन शब्दी नाव होतं, पण आम्ही सगळे त्यांना बटणनाना म्हणायचो. अर्थात पाठीमागे. तोंडावर नुसतं नाना.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. जळगावच्या बाहेर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमचा छोटा स्टुडिओ होता. भिंतींना गोणपाट ठोकलं होतं, छताला लाइटी टांगल्या होत्या, आणि कोपऱ्यात झाडू मारला की अजूनही सरकी निघायची. आठवड्याला शेतीचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आणि टेप मुंबईला धाडायची, एवढंच आमचं काम. मी धुळ्याची. निवेदन करायला म्हणून लागले आणि माणसं कमी असल्यामुळे निवेदन सोडून बाकी सगळंही करायला लागले. नाना टेपांच्या खोलीचे मालक. म्हणजे हुद्दा साधा होता, पण त्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची, आणि ती मागताना आमच्या केंद्राच्या साहेबांचाही आवाज खाली येत असे.

काळजी करणं हा नानांचा जोडधंदा होता, असं आम्ही म्हणायचो. मूळ धंदाही तोच होता हे मला फार उशिरा कळलं. जळगावचा उन्हाळा काय असतो हे मी सांगायला नको. टेपा तापतील म्हणून नाना कूलर लावत. कूलरच्या ओलीने बुरशी धरेल म्हणून पाच मिनिटांनी बंद करत. पुन्हा घाम आला की, आपल्याला एवढं उकडतंय तर त्यांचं काय होत असेल, म्हणून पुन्हा लावत. एक दिवस मी मोजलं, दुपारच्या जेवणाआधी त्यांनी सतरा वेळा बटण वर-खाली केलं. मी म्हटलं, "नाना, टेपा टिकतील हो, कूलर जाईल." ते एकदम गंभीर झाले. "तेही आहेच की ताई," म्हणाले, आणि तेव्हापासून कूलरचीही काळजी करू लागले.

शनिवारी ते नरडाण्याला घरी जात. पॅसेंजर कधी वेळेवर आली तर गावात पेढे वाटायची वेळ, पण नाना दीड तास आधी स्टेशनवर. स्टेशनवर बसून काय करायचे? तर खोलीचं कुलूप ओढून पाहिलं होतं की नाही ते आठवायचे. दोनदा ते अर्ध्या वाटेतून टांग्याने परत आलेले मी पाहिलेत. कुलूप दोन्ही वेळा लागलेलं होतं. मी हसले तर म्हणाले, "हसा. पण ज्या दिवशी मी परत यायचा नाही ना, त्या दिवशी ते उघडं असेल."

नव्या टेपा वरून फार थोड्या येत. म्हणून नियम होता: सहा महिने झाले की जुनी टेप पुसायची आणि पुन्हा वापरायची. पुसायचं काम नानांचं. आणि इथे त्यांनी स्वतःचाच एक रिवाज पाडला होता. कुठलीही टेप पुसण्याआधी ते ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघत. कापसावरची बोंडअळी असो की तालुक्याच्या सभेतलं भाषण असो, वीस मिनिटांची टेप तर वीस मिनिटं. बघून झालं की "या मग," असं पडद्याकडे बघून हळूच म्हणत, खिशातलं एक बटण टेपला बसवत आणि पुसायला लावत. मी नवी असताना घाई करत होते तेव्हा मला त्यांनी एकदाच सुनावलं. "ताई, आधी बघायचं, मग पुसायचं. आपल्यानंतर त्या माणसाला कोणी बघणार नाही."

त्यांचा दुसरा नियम कोऱ्या टेपांचा. पुसून झालेली टेप मांडणीवर पुढे ठेवायची, आणि वापरायला काढताना मागची आधी काढायची, म्हणजे कुठलीच टेप पडून राहून खराब होत नाही. हा नियम त्यांनी माझ्याकडून एवढा घोटून घेतला होता की घरी आईच्या फडताळातून वाटी काढतानाही माझा हात मागे जायचा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. विटकं लुगडं, हातात पिशवी, सोबत माहेरपणाला आलेली लेक. तिने फाटकावरच्या माणसाला विचारलं, "भाऊ, मन्हा मालक आठेच शेत ना?" नवरा इथेच आहे असं म्हणते, हे ऐकून तो बिचारा दचकला. त्याने नानांना बोलावलं. मग हळूहळू उलगडा झाला. ती चोपड्याकडची. तिचे यजमान दगाजी आप्पा केळीचे चांगले शेतकरी, आमच्या कार्यक्रमात सात मिनिटं बोलले होते. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर सगळ्या गावाने ते पाहिलं. पाच महिन्यांनी आप्पा गेले. फोटो काय तो एक, तोही लग्नातल्या घोळक्यातला. आखाजीला तिने त्यांच्या नावाने घागर भरली आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसली. "तठे डबामा ते बोलतस, माले दखाड," डब्यात ते बोलतात ते मला दाखवा, एवढंच तिचं म्हणणं.

नानांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि दोनशे चौदा नंबरची टेप लावली. आप्पा डोक्यावर टोपी नीट करत पडद्यावर आले. म्हातारीने पदर डोक्यावर ओढून घेतला, जसे काही ते खरंच समोर आले. चौथ्या मिनिटाच्या सुमाराला आप्पा केळीचा कंद कसा निवडायचा ते सांगत होते, आणि सांगता सांगता म्हणाले, "मन्ही घरवाली मन्हापेक्षा चांगली वळखस, कोणता कंद लागी नी कोणता सडी." म्हातारीने लेकीचा हात घट्ट धरला. जाताना तिने नानांना सांगितलं की बेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिला त्यांनी कधी ऐकवलं नव्हतं. जगाला सांगितलं, तिला नाही.

त्या टेपला तेव्हा सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस उरले होते.

नानांनी ती पुसली नाही. रजिस्टरात मात्र लिहिलं, "२१४, पुसली." एवढ्या वर्षांत त्यांनी केलेली ही एकमेव खोटी नोंद. टेप कपाटात सगळ्यात आत, जुन्या पंच्याच्या घडीत ठेवली. हे फक्त मला माहीत होतं, तेही टेप कपाटात आहे एवढंच. त्या नोंदीने त्यांची झोप उडाली. फोन वाजला की ते आधी कपाटाकडे बघायचे. पेन्शनला चार वर्षं उरलेली, धाकटी मुलगी लग्नाची. मी म्हणायचे, "नाना, कोण बघतंय एका टेपकडे?" ते म्हणायचे, "ताई, कोणी बघत नाही तोवरच माणूस सुखी." म्हातारी पुढच्या आखाजीलाही आली, त्याच्या पुढच्याही. येताना नानांसाठी केळीच्या पानात गुंडाळून सांजोऱ्या आणायची.

चौथ्या वर्षी कळलं की आखाजीच्या आठ दिवस आधी मुंबईहून साहेब तपासणीला येणार. नानांची पाचावर धारण बसली. कपाटं उघडली जाणार, आणि कोऱ्या टेपा रजिस्टराप्रमाणे मोजल्या जाणार. कागदावर दोनशे चौदा कोरी होती, म्हणजे कोऱ्यांच्या मांडणीवर ती दिसायला हवी होती. आणि कोऱ्या टेपला बटण असतं, म्हणून हिलाही हवं होतं. सकाळी कोणी नसताना नानांनी ती पंच्यातून काढली, खिशातलं लाल बटण तिला बसवलं आणि मांडणीवर सगळ्यात मागे सरकवली. मागे म्हणजे सुरक्षित, असं त्या दिवशी त्यांना वाटलं. ताकही फुंकून पिणारा माणूस, पण भीतीने स्वतःचाच नियम विसरला. मला सांगितलंही नाही, कारण मला सांगितलं तर माझाही चेहरा पडेल अशी त्यांना काळजी.

मोजणी बिनबोभाट झाली. रजिस्टर जुळलं. साहेब खूश झाले आणि म्हणाले, "चला, तुमचं काम कसं चालतं ते दाखवा. एक छोटं रेकॉर्डिंग करा." नाना त्यांच्या सह्या घेत होते. मी टेपांच्या खोलीत पळाले, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याच शिकवणीप्रमाणे, घाईत आकडा न बघताच, मागची टेप आधी काढली. मशीनवर लावली, स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले आणि कापसाच्या भावावर बोलायला लागले.

नाना नियंत्रण कक्षात कधी आले ते मला दिसलं नाही. नंतर मशीनवरच्या सहकाऱ्याने सांगितलं. ते दाराशी उभे होते. टेपचा रिकामा डबा मशीनवर ठेवलेला, त्यावर त्यांच्याच अक्षरातला आकडा. त्यांनी तो वाचला. आत चकती फिरत होती, आणि पलीकडे मोठे साहेब कौतुकाने मान हलवत होते. गप्प राहिले असते तर कोणाला कधी काही कळलं नसतं. कागदावर ती टेप कोरीच होती, आणि आता खरोखरच कोरी झाली असती. खोटी नोंद खरी झाली असती. वर्षभराने नाना सुखाने नरडाण्याला गेले असते.

ज्या माणसाने उभ्या नोकरीत आवाज चढवला नव्हता, तो माणूस ओरडला, "थांबवा! अरे, थांबवा! माणूस आहे त्यात!"

स्टुडिओपर्यंत ऐकू आलं मला. मी बोलायची थांबले.

मग नानांनी सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. साहेब वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं मन कळतं मला. पण रजिस्टर खोटं लिहिलंत, ते मी कसं सोडू?" एक वेतनवाढ थांबली, त्याचं नानांना विशेष वाटलं नाही. टेपांच्या खोलीची किल्ली मात्र त्यांच्याकडून काढून घेतली गेली, आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं. किल्ली साहेबांनी माझ्या हातात दिली. जानव्याच्या घामाने ती अजून ओलसर होती. आणि टेपबद्दल शेरा होता, "२१४ महिन्याभरात वापरात आणावी."

साडेचार मिनिटं गेली होती. आप्पांचं नाव, गाव, लागवड, आणि ते एक वाक्य. त्या जागी मी होते, कापसाचे भाव सांगत. मी नानांसमोर रडले. ते म्हणाले, "तू नियमाने वागलीस. मी वागलो नाही. आता रडू नको, आखाजी आठ दिवसांवर आहे. त्या माउलीला काय सांगायचं त्याची काळजी कर." ते आठ दिवस आम्ही दोघांनी काळजीशिवाय दुसरं काही केलं नाही. पत्र पाठवून येऊ नका म्हणावं का? टेप मुंबईला गेली म्हणावं का? नाना प्रत्येक थापेवर विचार करत आणि मान हलवत. एक थाप मारून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

ती आली. सांजोऱ्या घेऊन. नानांनी टोपी काढून हातात धरली. "माय, माझ्या हातून आप्पा पुसले गेले."

म्हातारीने सांजोऱ्या टेबलावर ठेवल्या. मग विचारलं, "बठ्ठा?"

"अर्ध्याहून जास्त."

"जे उरनं शे ते दखाड."

मी टेप लावली. पडद्यावर मी दिसले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग एक खरखर झाली, चित्र तुटलं, आणि आप्पा वाक्याच्या मधूनच आले, "...नी मंग तिसरा दिन पानी देवानं." म्हातारी म्हणाली, "हाई काय, यानापहिले ते सांगतस ना, कंद कसा निवडाना ते!" आणि सांगायला लागली. आप्पांच्याच शब्दांत, ते थांबत तिथेच थांबत, टोपी नीट करायचे तिथे पदर नीट करत. तीन आखाज्यांत तिने ती सात मिनिटं पाठ करून टाकली होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं. नाना कधी कोणाचं बोलणं तोडायचे नाहीत, त्या दिवशी तोडलं. "माय, जरा थांबा. हे सगळं पुन्हा सांगाल का? आत, लाइटीत बसून?"

दोनशे चौदा महिन्याभरात वापरात आणायचीच होती. आम्ही ती आणली. म्हातारीला आप्पा बसले होते त्याच खुर्चीवर बसवलं. टेप सुरुवातीला नेली. नाना घड्याळ घेऊन काचेआड उभे होते. साडेचार मिनिटांवर एक क्षण जास्त गेला असता तर उरलेले आप्पाही गेले असते, आणि कमी पडलं असतं तर मी राहिले असते. त्यांच्या ओठांवर आकडे चाललेले मला दिसत होते. म्हातारी बोलत होती, "मन्हं नाव दगाजी..." लेक तोंडावर पदर धरून हसत होती आणि रडतही होती. ते वाक्य आलं तेव्हा म्हातारी अडली. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक कसं करायचं? मग तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मन्ही घरवाली मन्हापेक्षा चांगली वळखस..." नानांनी हात वर केला, हात खाली केला, मशीन थांबलं.

पुन्हा लावून पाहिलं. ती कंदापर्यंत सांगते, डोळे मिटते, खरखर होते, आणि पुढचं आप्पा सांगतात. अर्धाच शब्द तुटला होता. दारात आमच्या केंद्राचे साहेब कधी येऊन उभे राहिले होते कोणास ठाऊक. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि त्या ओळीसमोर स्वतःच्या पेनाने लिहिलं, "जतन करावी." नानांनी टेप उलटी केली, बटण उपटलं. खिशात टाकायला गेलेला हात थांबला, आणि त्यांनी ते म्हातारीच्या तळहातावर ठेवलं. "हे तुमच्याजवळ ठेवा माय. हे आहे तोवर आप्पांना कोणी पुसत नाही." तिने ते लुगड्याच्या पदराला गाठ मारून बांधलं.

खरं सांगायचं तर बटणाच्या जागी चिकटपट्टी लावली तरी मशीन फसतं. हे नानांना माहीत होतं आणि मलाही. त्या दिवशी आम्ही दोघंही ते बोललो नाही.

पुढे नाना निवृत्त झाले, आणि नव्वदच्या दशकात स्टुडिओच बंद झाला. एका सकाळी ट्रक आला, टेपा पोत्यांत भरून गेल्या. मी दोनशे चौदा वेगळी मागितली, तर म्हणाले, सगळ्या यादीप्रमाणे जायच्या आहेत, तिकडून अर्ज करा. मी अर्ज केले. चार केले. एकाचंही उत्तर आलं नाही. नरडाण्याला नानांना भेटायला जायचे तेव्हा ते प्रकृतीचं विचारण्याआधी विचारायचे, "दोनशे चौदा?" मी नकारार्थी मान हलवायचे. शेवटच्या आजारपणात त्यांना माणसं ओळखू येईनात, पण माझा हात धरून म्हणाले, "ताई, कुलूप ओढून बघितलंस?" मी म्हटलं, "बघितलं नाना." तेवढं ऐकून ते निजले.

ते गेल्यावर आलेल्या आखाजीला मी चोपड्याला गेले. म्हातारी खूप थकली होती, डोळे जवळजवळ गेलेले. अंगणात आप्पांच्या नावाची घागर भरलेली, वर खरबूज, आणि घागरीच्या गळ्याला दोऱ्यात ओवलेलं ते लाल बटण. नाना गेल्याचं मी तिला सांगितलं. मग तिने चाचपत ते बटण धरलं आणि विचारलं, "पोरी, ते डबामा शेत ना आजून? नीट शेत ना?"

नानांकडून मी किल्ली घेतली, नियम घेतले, काळजी घेतली. गॅसची कळ आजही तीनदा बघते. खोटी नोंद करायला मात्र मी त्यांच्यासारखीच एकदाच धजले.

"हो माय," मी म्हटलं, "नीट आहेत. मी बघूनच आले."